लाकडातली टिटवी

पाईप म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच आकार उभा राहतो. सरळ उभी वाटी, तिच्या बुडाशी काटकोनात निघालेली दांडी, आणि दांडीला पुढे बसवलेली काळ्या एबोनाईटची चपटी मुखनळी. इंग्रजी सिनेमातला कर्नल हाच पाईप ओढतो आणि आपल्याकडच्या जुन्या व्यंगचित्रांतला साहेबही हाच. फार तर कोणाला शेरलॉक होम्सचा तो भला मोठा वाकडा पाईप आठवेल. पण गंमत अशी की कॉनन डॉइलच्या मूळ कथांत तसल्या पाईपचा उल्लेखच नाही. तिथे होम्स मातीचे, ब्रायरचे नि चेरीच्या लाकडाचे पाईप ओढतो. वाकडा पाईप त्याच्या तोंडी दिला तो रंगभूमीने आणि पुढे सिनेमाने. म्हणजे पाईपच्या बाबतीत आपली समजूत मुळात नटांनी आणि चित्रकारांनी घडवलेली आहे.

मी स्वतः तंबाखूच्या वाटेला कधी गेलो नाही. आमच्या घरात व्यसन म्हणजे सुपारी, आणि तीही भाजकी. तेव्हा ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात मी पाईपची भलामण करायला बसलो आहे असे कोणी समजू नये. १९५० साली डॉल आणि हिल या दोन इंग्रज संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनिशी मांडले, आणि त्या दोषातून पाईपही सुटलेला नाही. मला ओढ आहे ती धुराची नव्हे, लाकडाची. मूठभर लाकडाचा एक तुकडा, त्याला दोन भोके, आणि तेवढ्यात माणसाने केलेली बंडखोरी, हा माझा विषय. ही बंडखोरी झाली डेन्मार्कमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसएक वर्षांत.

ती समजायची तर आधी रूढी समजून घेतली पाहिजे. युरोपात तंबाखू आली तेव्हा पहिले पाईप मातीचे होते. हॉलंडात खाऊडा नावाचे गाव आहे. आपण चीजमुळे त्याला गौडा म्हणून ओळखतो. ते गाव एके काळी मातीच्या लांब पांढऱ्या पाईपांसाठीही तितकेच प्रसिद्ध होते. पुढे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतून एक मऊ, पांढरा, हलका दगड येऊ लागला. जर्मन लोक त्याला मेरशाउम म्हणतात, म्हणजे समुद्राचा फेस. व्हिएन्नाच्या कारागिरांनी त्याच्यावर सिंह, अप्सरा, सुलतानांची मुंडकी, काय वाटेल ते कोरले. त्या कोरीव पाईपांना चाकोरीबाहेरचे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. पाईप आतून होता तसाच होता. त्याच्यावर मूर्ती बसवली एवढेच. पिकदाणीवर मोर काढला म्हणून पिकदाणीचा घाट बदलत नाही.

खरा बदल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, ब्रायर आले तेव्हा. भूमध्यसमुद्राच्या काठाने, कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या भागांत, खडकाळ डोंगरउतारांवर एक झुडूप उगवते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव एरिका आर्बोरिया. फांद्या काटकुळ्या, फुले बारीक पांढरी, बघून कोणी थांबावे असे काही नाही. पण त्याच्या खोडाची आणि मुळांची जिथे गाठ पडते तिथे जमिनीखाली एक गड्डा धरतो, सुरणाच्या गड्ड्यासारखा ओबडधोबड. उन्हाळ्यात पाणी नसते, वणवे लागतात; वर सारे जळून गेले तरी झुडूप पुन्हा फुटते ते या गड्ड्यातून. कामाचा व्हायला तो तीस-चाळीस वर्षांचा तरी व्हावा लागतो. त्याचे लाकूड कठीण, दाट, आणि विस्तवाला दाद न देणारे. विस्तव पोटात घेऊन बसायच्या वस्तूला याहून चांगले लाकूड सापडलेले नाही.

फ्रान्समध्ये ज्यूरा पर्वतात सँ-क्लोद नावाचे गाव आहे. तिथे मठ होता, यात्रा भरत असे, आणि यात्रेकरूंना विकण्यासाठी जपमाळांचे मणी नि लाकडी वस्तू कातणारे कातारी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ब्रायर या कातारींच्या हाती पडले आणि थोड्याच वर्षांत सँ-क्लोद ही पाईपांची राजधानी झाली. मणी कातणारे हात पाईप कातू लागले. इथेच रूढीचे मूळ आहे, असे मला वाटते. चरकावर जे गोल फिरते तेच तयार होते. म्हणून वाटी गोल, दांडी गोल, आणि दोहोंचा सांधा ठरलेल्या कोनात. पुढे लंडनच्या दुकानदारांनी या आकारांना नावे देऊन टाकली: बिलियर्ड, अ‍ॅपल, डब्लिन, बुलडॉग. तांब्या, पेला, गडवा, फुलपात्र म्हटल्यावर जसे आपल्याला पुढे काही सांगावे लागत नाही, तसे इंग्रज गिऱ्हाइकाला ही नावे पुरत. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले, १९१० मध्ये स्वतःचे पाईप करायला सुरुवात केली, आणि या आकारांना जवळजवळ कुलाचाराची प्रतिष्ठा आली. सद्गृहस्थाचा पाईप कसा असावा, तर कोणाच्या लक्षात येऊ नये असा.

डनहिल नुसता जुने जपणारा होता असे मात्र नव्हे. वाळूचा झोत मारून ब्रायरमधला मऊ भाग झिजवायचा आणि कठीण रेषा उंचवट्यासारख्या उभ्या ठेवायच्या, ही युक्ती त्याने १९१७ साली पेटंट केली. खडबडीत पाईप तोवर कोणी पाहिला नव्हता. पण आकार? तो तसाच राहिला. कातडे बदलले, सांगाडा नाही.

आता डेन्मार्ककडे वळू. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य त्या देशात शिरले आणि इंग्लंडहून येणारा माल बंद पडला. पाईप तर लोकांना हवेच होते. पोल नील्सन नावाच्या एका डॅनिश गृहस्थाने १९४२ साली बीचच्या लाकडाचे पाईप करायला घेतले. ब्रायर मिळण्याची सोयच नव्हती. युद्ध संपले, ब्रायर पुन्हा येऊ लागले, आणि त्याबरोबर इंग्रजी पाईपही. नील्सनला कळून चुकले की डॅनिश नावाचा पाईप डेन्मार्कमध्येसुद्धा कोणी घेणार नाही. म्हणून त्याने आपल्या मालाला स्टॅनवेल असे अस्सल इंग्रजी वाटणारे नाव दिले, आणि पुढे स्वतःचे आडनावही बदलून तेच घेतले! विलायती शिक्क्याचे कौतुक केवळ आपल्याच देशात आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. रूढीचा दाब असा होता.

त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इव्हारसन नावाचा एक स्वीडिश माणूस राहत होता. जन्म १९१० चा. तो पाईपवाला नव्हता. त्याची जी गोष्ट सांगतात ती अशी : त्याचा पाईप मोडला, तो दुरुस्तीला सूर यांच्या दुकानात गेला, तर दुरुस्ती करणारा कारागीर जागेवर नव्हता. तेव्हा याने म्हटले, मला हत्यारे द्या, मीच करून पाहतो. काम इतके नीट झाले की दुकानदाराने त्याला तिथेच ठेवून घेतले. गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडी झिलई दिली असेल, परंतु तो सूरच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाने या धंद्यात शिरला यात शंका नाही.

मला यातली दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. नवे करणाऱ्याला वस्तू दिसते ती दुकानाच्या काचेत जाण्यापूर्वी. दुरुस्ती करणाऱ्याला ती दिसते वापरून झिजल्यावर. दांडी कुठे तडकते, ओल कुठे साचते, मुखनळी दाताला कुठे टोचते, वाटी कोणत्या बाजूने जळून पातळ होते, हे त्याला रोज दिसते. इव्हारसनने पुढे जे विचित्र आकार केले ते विचित्र दिसले तरी ओढायला उत्तम होते, याचे कारण या दुरुस्तीच्या वर्षांत आहे. पाईपच्या बाहेर तुम्ही काय वाटेल ते करा, आत मात्र नियम पाळावेच लागतात. धुराचे छिद्र वाटीच्या अगदी बुडाशी नेमके उघडले पाहिजे. वर उघडले तर खालची तंबाखू ओली राहून कुजकट लागते. साफ करायची काडी मुखनळीतून घातली तर अडथळा न येता वाटीपर्यंत पोचली पाहिजे. भिंत पातळ पडली तर हात भाजतो. आतल्या या दोन भोकांचा हिशेब ज्याला पक्का ठाऊक आहे त्यालाच बाहेर मोकळे सुटता येते. नुसता चमत्कृतीचा सोस असलेल्या माणसाचे पाईप शोभेच्या कपाटात राहतात.

१९५० च्या सुमारास इव्हारसनने स्वतंत्र कारखाना काढला, आणि हळूहळू त्याने चरकाची सत्ता झुगारून दिली. लाकूड यंत्रात अडकवून फिरवण्याऐवजी त्याने फिरत्या घासचकतीपुढे ते हातात धरले. हा बदल ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण चरकावर लाकूड फिरते आणि हत्यार ठरल्या जागी असते. चकतीपुढे लाकूड हातात असते, आणि हात हवा तसा वळतो. गोलाईची सक्ती संपली.

मग आकार कोण ठरवणार? इव्हारसनचे उत्तर होते, लाकडातल्या रेषा. इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम यातच आहे. खराट्याची जुडी घ्या. बाजूने पाहिली तर काड्यांच्या समांतर रेघा दिसतात. टोकाकडून पाहिली तर नुसते ठिपके. ब्रायरचा गड्डा असाच आहे. त्याच्या गाभ्यापासून सालीकडे रेषा पंख्यासारख्या पसरत जातात. बाजूने कापला तर ज्वाळांसारख्या उभ्या रेघा, आडवा कापला तर पाखराच्या डोळ्यांसारखे ठिपके. यंत्रावर बिलियर्ड काढताना रेषा कुठून कुठे जातात याचा विचार होत नाही. त्या कशाही तुटतात, एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला तिरप्या. इव्हारसनने उलटे केले. आधी रेषांचा कल पाहायचा, आणि वाटी तिकडे झुकवायची. रेषा पंख्यासारख्या उघडत असतील तर वाटीही वर उघडत न्यायची. त्या वळत असतील तर दांडी त्या वळणावर टाकायची. असा पाईप समोरून पाहिला तर लुळा, कललेला, जरासा बेढब वाटतो. हातात घेऊन फिरवू लागलो की कळते, तो कललेला नाही. लाकूडच तसे उभे होते.

त्याच्या एका आकाराचे नाव पीविट. पीविट म्हणजे आपल्या टिटवीची युरोपातली बहीण. वाटी आणि दांडी असे दोन भाग त्यात वेगळे दाखवता येत नाहीत. बसलेल्या पाखराच्या अंगासारखे सारे एका वळणात वाहते. सद्गृहस्थाच्या तोंडी टिटवी! बेल्जियन चित्रकार रने माग्रित याने १९२९ साली एक अगदी नमुनेदार पाईप रंगवला आणि त्याखाली अक्षरांत लिहून टाकले की हे काही पाईप नाही. त्या चित्रावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. इव्हारसनची टिटवी पाहून एखाद्या लंडनच्या गिऱ्हाइकाने तेच उद्‌गार काढले असते, आणि त्यात तत्त्वज्ञान मुळीच नसते.

बांबूचाही त्याने फार सुंदर उपयोग केला. ब्रायरचा तुकडा लहान असला तर दांडीला लाकूड पुरत नाही. मग तिथे बांबूची दोनतीन पेरे बसवायची. बांबू पाईपात आधीही वापरला जात असे. पण पेरांच्या गाठी लपवायच्या नाहीत, उलट वाटीच्या वळणाशी त्यांची संगत जुळवायची, ही दृष्टी इव्हारसनची. अडचणीतून निघालेली वाट पुढे ऐटीची झाली. धारवाडी खणाचा तुकडा अपुरा पडला म्हणून लावलेली पट्टीच पुढे चोळीची शोभा होऊन बसते, तसेच हे.

आणि एक धास्ती या धंद्यात कायम असते. गड्डा वाढताना खडे-माती पोटात घेतो. बाहेरून काही कळत नाही. कारागीर दोन दिवस घासतो, वळण मनासारखे येते, आणि शेवटच्या हाताला एक काळे छिद्र उघडे पडते. कारखान्यात ते लांबी भरून बुजवतात. पहिल्या प्रतीचा कारागीर तसे करीत नाही. तो छिद्राच्या मागोमाग आकार बदलत जातो, थोडे इकडे घास, थोडे तिकडे, आणि छिद्र संपले नाही तर पाईप टाकून देतो. पुष्कळदा या पाठलागातून असा आकार निघतो की जो कागदावर कोणाला सुचला नसता.

माझ्या पाहण्यात असा एक पाईप आला तो मुंबईत, आमच्या चाळीतल्या एका काकांकडे. ते बोटीवर इंजिनिअर होते. त्यांनी कोपनहेगनहून आणलेला पाईप मुलांना दाखवायला काढला तेव्हा त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, हा तर बटाट्याला कोंब फुटलाय!” काका हसले. त्यांनी तो मेजावर ठेवला, तर तो कलंडला नाही, आपल्या बुडावर नीट बसला. हातात दिला, तर अंगठा आपोआप एका खोलगट जागी जाऊन थांबला. मी पुष्कळ वेळ तो हातात धरून होतो. बिलियर्ड मी त्याआधी पाहिले होते, पण कुठलाही बिलियर्ड हातातून परत द्यावासा वाटू नये असे झाले नव्हते.

“हे आपल्या शास्त्रात नाही” या आक्षेपाची पाईपशी फार जुनी गाठ आहे, आणि ती आपल्या दख्खनेत पडलेली आहे. अकबराचा मुलगा दानियाल याचे विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीशी लग्न ठरले होते. ते पुढे १६०४ मध्ये गोदावरीकाठी पैठणला लागले. वधूला घेऊन येण्यास वेळ लावणाऱ्या वकिलाला घाई करण्यासाठी अकबराने असदबेग नावाच्या सरदाराला विजापूरला धाडले. परतताना त्याने तिथे पाहिलेली तंबाखू बरोबर घेतली आणि तिच्यासाठी एक नळी मुद्दाम सिद्ध करवली. ती कशी होती हे त्याने आपल्या वृत्तान्तात हौसेने नोंदले आहे : तीन हात लांब, नळी सुमात्रातल्या आचीनची, दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकाम, तोंडाकडे यमनी अकीकाचा लंबगोल तुकडा, आणि विस्तवासाठी सोन्याचे भांडे. आग्र्याला दरबारात ती मांडली गेली. अकबराने दोनचार झुरके घेतलेही. राजवैद्याने हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत या पदार्थाची माहिती नाही, तेव्हा तो घेऊ नये. त्यावर असदबेगाने वाद घातला, आणि अकबराने कौल दिला तो असदबेगाच्या बाजूने. आपल्या ग्रंथांत नाही एवढ्याच कारणाने एखादी वस्तू नाकारू लागलो तर पुढे जायचे कसे, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. तरी त्याने स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सरदारांना मात्र ती लागली, आणि १६१७ साली जहांगिराला बंदी घालावी लागली. वैद्याचे निदान बरोबर होते आणि बादशहाचा न्यायही बरोबर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की इतिहासात मौज येते.

डेन्मार्कमध्ये कौल दिला तो त्याच पोल नील्सनने, ज्याने विक्रीसाठी आपले आडनाव बदलले होते. त्याने इव्हारसनकडून स्टॅनवेलसाठी नमुने करून घेतले. हातचकतीवर जन्मलेले आकार यंत्रावर उतरवायचे म्हणजे थोडी तडजोड आलीच, आणि रेषांचा मेळ तर यंत्राला साधणारच नव्हता. पण कोपनहेगनच्या शिक्षकाला नि पोस्टमास्तरलासुद्धा नव्या घाटाचा पाईप परवडू लागला. त्याच वर्षांत वेग्नर आणि आर्ने याकोबसेन यांच्या खुर्च्या जगभर नाव काढीत होत्या. लाकडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागवायचे ही हवाच तिथे होती. मात्र पाईपवाल्यांना त्या कीर्तीतला वाटा फारसा मिळाला नाही. खुर्च्या संग्रहालयात गेल्या, पाईप खिशात राहिले.

इव्हारसनने सूरचे दुकान सोडल्यावर त्याच्या जागी पोल रासमुसेन आला. तोही नामांकित कारागीर झाला, पण १९६७ च्या सुमारास तो अकाली वारला. मागे राहिली पत्नी आन युली, मुले, कारखाना आणि अर्धवट राहिलेली मागणी. हा धंदा सर्वस्वी पुरुषांचा. करणारे पुरुष, ओढणारे पुरुष, विकणारे पुरुष. कारखाना विकून टाकणे हा शहाणपणाचा मार्ग होता. आन युलीने तो विकला नाही. ती नवऱ्याच्या चकतीपुढे उभी राहिली आणि तिने पाईप करायला घेतले.

प्रारंभी गरज असेल, पण पुढे जे झाले ते गरजेने होत नाही. तिच्या पाईपांना एक निराळी ठेवण आली. गोलाई अधिक भरदार, वळणे मांसल, कधी फुलासारखी उमललेली, कधी थट्टेखोर. ज्यांनी पाईप म्हणजे सद्गृहस्थाची गंभीर वस्तू मानली होती त्यांना तिच्या कामातला हा खेळकरपणा पचला नसेल. पण तिच्या पाईपांना जगभर गिऱ्हाइके मिळाली, स्टॅनवेलने तिचेही नमुने घेतले, आणि नवऱ्याच्या नावाची गरज न उरता आन युली हे नाव स्वतःच्या बळावर चालू लागले. सगळ्या डॅनिश पाईपवाल्यांत मला मनापासून कोणाचे कौतुक वाटत असेल तर तिचे. इव्हारसनने रूढी मोडली तेव्हा त्याच्या घरची चूल त्यावर टांगलेली नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला प्रेबेन होल्म. जन्म १९४७ चा, अंगात रग, आणि इतक्या लहान वयात कारखाना की कामगारांत मालक कोणता ते ओळखू येऊ नये. त्याने काय केले, तर गड्ड्याची खडबडीत सालच पाईपच्या तोंडावर तशीच ठेवली. वाटीच्या कडेला डोंगरकड्यासारखे दातरे, अंगावर खोल खाचा, दांडी फुगलेली. अमेरिकेतल्या लेन कंपनीने हे पाईप बेन वेड या जुन्या इंग्रजी नावाखाली तिकडे विकले. पुन्हा इंग्रजी नाव! १९७० नंतरची काही वर्षे अमेरिकेत त्यांचे वेड होते. लांब केसांच्या तरुण पिढीला बापाचा बिलियर्ड नकोच होता. होल्मच्या कारखान्यात चाळीसहून अधिक माणसे कामाला लागली.

आणि इथेच मला खटकते. चाळीस माणसे मिळून चाकोरीबाहेरचे पाईप दर आठवड्याला करू लागली की ती नवी चाकोरीच झाली. कड्यावर साल ठेवायची, एक खाच मारायची, दांडी फुगवायची, झाला ‘फ्रीहँड’. इव्हारसनच्या पाईपात प्रत्येक वळणाला लाकडात कारण असे. इथे कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत होते. होल्मचे स्वतःच्या हातचे काम उत्तम असे, हे मान्य केले पाहिजे. त्याला लाकूड कळत होते. पण फॅशन ओसरली तशी मागणी ओसरली, पैशाच्या अडचणी आल्या, आणि १९८९ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आज ते पाईप अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत ढिगाने मिळतात. ढिगात हात घातला तर एखादा असा लागतो की पाहत राहावे.

इव्हारसनची परंपरा पुढे नेली ती त्याच्या मुलाने, लार्सने (१९४४–२०१८). लहानपणापासून तो बापाच्या कारखान्यातच वाढला. त्याचा प्रसिद्ध आकार ब्लोफिश, म्हणजे अंग फुगवणारा मासा. खराट्याची जुडी पुन्हा आठवा. लार्सने गड्डा असा धरला की दोन्ही बाजूंना ठिपक्यांचे दोन फुगीर डोळे यावेत आणि मधल्या कडेने सगळीकडून रेघा धावाव्यात. दोन बाजू सारख्या असण्याचे बंधन त्याने मानले नाही. पण तोल असा की पाईप दातांत जड लागू नये. नुसत्या डौलासाठी हे करणे एक वेळ सोपे. लाकडाच्या आतली रचना डोळे मिटून मनात उभी करता आल्याशिवाय ब्लोफिश होत नाही.

स्वीडनमधला बो नोर्ध (१९४१–२००६) हा त्याहूनही काटेकोर. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघाताने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवले. हात यंत्रकामात मुरलेले होते. तो पाईप फार थोडे करी. गोलसर कोपरे दिलेला ‘हत्तीचा पाय’, शंखासारखा स्वतःत गुंडाळत गेलेला ‘नॉटिलस’, फॅरोचे नाव घेतलेला ‘रॅमसेस’ हे त्याचे आकार आजही इतर कारागीर हात बसवण्यासाठी करून पाहतात, नव्या गवयाने अवघड राग घ्यावा तसे.

मग ही विद्या पूर्वेकडे गेली. टोकियोमध्ये त्सुगे घराण्याचा पाईपांचा धंदा १९३६ पासून होता. १९७० नंतरच्या दशकात हिरोयुकी तोकुतोमी हा जपानी तरुण डेन्मार्कला जाऊन सिक्स्टन इव्हारसनच्या हाताखाली शिकला. ज्या देशात चहाचा वाकडा, ओघळलेला, बोटांचे ठसे राहिलेला पेला शेकडो वर्षे मोलाचा मानला गेला, तिथल्या माणसाला कललेली वाटी पाहून धक्का बसण्याचे कारणच नव्हते. तोकुतोमीने तो कल आणखी पुढे नेला. त्याच्या कित्येक पाईपांत कुठलीच दोन अंगे सारखी नाहीत. पुढे अमेरिकेतल्या तरुण कारागिरांनी गिरवायला घेतले ते डेन्मार्कइतकेच जपानचे कित्ते.

सिक्स्टन इव्हारसन २००१ साली वारला. २००९ च्या अखेरीस स्टॅनवेलचा डेन्मार्कमधला कारखाना बंद झाला आणि ते काम इटलीत गेले. पाईप ओढणारे उत्तरोत्तर कमी होत चालले, आणि ते योग्यच झाले. पण हातच्या पाईपांच्या किमती मात्र चढत गेल्या. आता इव्हारसनचे, बो नोर्धचे पुष्कळ पाईप अशा संग्राहकांकडे आहेत की ज्यांनी त्यांत तंबाखूचा कण घातलेला नाही. मखमलीच्या पेटीत ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात, पुन्हा ठेवतात. ज्या आतल्या भोकांसाठी कारागिराने जीव टाकला ती कोणी वापरून पाहत नाही. डॉक्टर म्हणतील, उत्तम. मला सिक्स्टनची मते विचारायला आवडली असती.

लार्सची मुलगी नान्ना आजोबांजवळ हे काम शिकली आणि तिने त्यात स्वतःचे नाव केले. या कारागिरांच्या कारखान्यांत फळ्यांवर ब्रायरचे ठोकळे रांगेने मांडलेले असतात. गड्डा खणल्यावर तो तासन्‌तास उकळतात, चीक नि कडवटपणा काढतात, आणि मग वर्षानुवर्षे सावलीत वाळू देतात. घाई केली तर तडा जातो. कारागीर अधूनमधून एखादा ठोकळा उचलतो, पाण्याने ओला करतो, कारण ओल्या लाकडात रेषा स्पष्ट दिसतात, उजेडाकडे धरून फिरवतो, आणि अजून काही दिसत नसेल तर पुन्हा फळीवर ठेवून देतो.